पेटीतले सव्वीस दिवस

तानूबाई आमच्या घरात पुढच्या दारानं कधी आली नाही. पुढे दुकान. बटणं, दोरे, अस्तराचे तागे आणि गल्ल्यावर आमचे हे. बाळंतिणीच्या कामाला आलेल्या बाईनं गिऱ्हाइकांमधून जायचं नाही, हे तिचं तिनंच ठरवलेलं. मागच्या बोळातून यायची, नळावर पाय धुवायची, पदर खोचायची आणि हाक मारायची, "अक्का, पाणी तापलं काय?" पाणी तापलेलंच असायचं. तरी रोज विचारायची.

कमरीपेठेत आणि तिकडे देशपांडे नगरातसुद्धा, घर मराठी असो की कन्नड, मूल झालं की तानूबाईला निरोप जायचा. तीस-पस्तीस वर्षं तिनं हेच काम केलं. किती पोरं न्हाऊ घातलीस असं कुणी विचारलं तर म्हणायची, मोजली की दृष्ट लागते. माझा अमितही तिच्याच हातचा. आता तो बत्तीस वर्षांचा बाप्या, तरी रस्त्यात गाठ पडली की चारचौघांत म्हणायची, "तीनदा माझं लुगडं भिजवलंस बाळा, एकदा तरी नवं घेऊन दे." अमित कानापर्यंत लाल व्हायचा. आमच्या ह्यांना बोलायची फार सवय, तर त्यांना म्हणायची, "अण्णा, तुमच्या दुकानात सगळ्याला बटण हाय, तुमच्या तोंडालाच तेवढं न्हाई."

तिचं गाव अळणावरच्या पुढे, जंगलाच्या कडेला. नवरा परशुराम लाकडाच्या अड्ड्यावर हमाली करायचा. तिला पहिला मुलगा झाला तो सातव्या महिन्यातच. कापसात गुंडाळून, चुलीजवळ ठेवून त्याला दहा दिवस जगवला. अकराव्या दिवशी त्यानं दूध ओढायचं सोडलं. कुणीतरी म्हणालं, धारवाडला मोठ्या दवाखान्यात न्या. पौषातली थंडी, उघडी जीप. पदराखाली घेऊन ही बसली होती. धारवाड येईपर्यंत पदराखालचं अंग गार झालं होतं. पुढे मूल राहिलं नाही. नवराही गेला, आणि ही हुबळीला लांबच्या बहिणीकडे आली ती इथलीच झाली.

हे ती दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं सांगायची, बाळाला तेल लावता लावता. शेवटी म्हणायची, सातव्या महिन्याचं लेकरू म्हणजे उघड्यावरचा दिवा, त्याला वारा दाखवायचा नाही. ऐकून ऐकून आम्हा सगळ्यांना ते पाठ झालं होतं.

पूजा माझी सून. तिला आई नाही, वडील चंदगडला भावाकडे असतात, म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याकडेच करायचं ठरलं. तानूबाईला चौथ्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं. पण सातव्या महिन्यात पूजाच्या पायांवर सूज आली, रक्तदाब वाढला, आणि नोव्हेंबरच्या अठरा तारखेला विद्यानगरच्या बाजूच्या एका दवाखान्यात तिचं पोट उघडून मुलगी काढावी लागली. तीस आठवड्यांची. वजन एक किलो दोनशे चाळीस ग्रॅम. आमच्या दुकानात पितळी बटणांचा मोठा डबा आहे, तो ह्याहून जड भरतो.

मुलीला काचेच्या पेटीत ठेवलं. नाकात नळी, पायाला सुई, छातीवर चिकटवलेल्या तारा. पंधरा दिवस ऑक्सिजन लागला. नवव्या दिवशी रक्तात जंतू झाल्याचं सांगितलं, तेव्हा आम्ही सगळे जिन्यात बसून होतो आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. दोन वेळा रक्त चढवलं. दोन वेळा ती श्वास घ्यायचीच विसरली, पायावर टिचकी मारून तिला आठवण करून द्यावी लागली. वजन वाढायचं सोडून आधी कमीच झालं. मी सिद्धारूढ मठाकडे तोंड करून हात जोडायची आणि एवढंच म्हणायची, जीव ठेव. दुसरं काही मागायला सुचलंच नाही.

तानूबाई बसनं दोनदा तिथे येऊन गेली. आत कुणाला सोडत नव्हते, म्हणून काचेला कपाळ लावून उभी राहिली. मग म्हणाली, "अक्का, ही पेटी म्हंजे दुसरं पोटच की." रेखा सिस्टर शेजारून जात होती. तिला थोडं मराठी कळायचं. ती हसली आणि कन्नडमध्ये म्हणाली, आजी अगदी बरोबर बोलते.

चोविसाव्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टर येऊन बाळाला तपासून गेल्या. मेधा डॉक्टर, धारवाडच्या, घरात मराठी बोलणाऱ्या. त्यांनी अमितला आणि पूजाला बसवून सांगितलं की, डोळ्याच्या आत मागे एक पडदा असतो, त्यावर रक्ताच्या बारीक शिरा पसरायला पुरे नऊ महिने लागतात. हिच्या शिरा अजून अर्ध्या वाटेवर आहेत. आज रोग दिसत नाही. पण उरलेली वाट त्या सरळ चालतात की वेड्यावाकड्या वाढतात, हे पुढचे काही आठवडे पुन्हा पुन्हा बघावं लागेल. वेड्यावाकड्या वाढल्या तर त्या पडद्याला ओढून सोडवतात. वेळेत कळलं तर लेसर करून थांबवता येतं. पुढची तारीख त्यांनी कागदावर लिहिली, सव्वीस डिसेंबर, आणि तिच्याभोवती लाल पेनानं गोल केला.

अमितनं घरी फोन केला, "आई, डोळे चांगले आहेत म्हणाल्या." तो खोटं बोलला नव्हता. पण आम्ही त्यातलं तेवढंच धरून ठेवलं.

चौदा डिसेंबरला मुलगी घरी आली. दीड किलोची झाली होती. भाकरतुकडा ओवाळून तिला आत घेतलं. मागची खोली आधीच तयार होती. खिडकीला जुने पेपर चिकटवलेले, दाराला जाड पडदा, कोपऱ्यात शेगडी, ओव्याची धुरी. तानूबाईनं कोपरानं पाण्याची ऊब बघितली, पण त्या दिवशी न्हाऊ घातलं नाही, नुसतं ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. मग सव्वा महिना कधी होतो त्याचा हिशोब निघाला. सव्वा महिन्याच्या आत आमच्यात बाळ-बाळंतीण उंबरा ओलांडत नाहीत. चाळीस दिवस झाले की विहिरीची पूजा करायची, मग बाहेर पडायचं.

मी जन्मापासून मोजत होते. सव्वीस दिवस झालेले, राहिले चौदा. पूजा म्हणाली, तरी डॉक्टरांची तारीख दोन दिवस आधीच येते, तेवढं चालवून घेऊ. तानूबाई दुपटं घडी करत होती. ती म्हणाली, सव्वीस दिवस कुठले धरता? ते पेटीतले. पेटीतले दिवस पोटातले, ते मोजायचे नाहीत. मुलगी आज जन्मली, आजपासून चाळीस.

आम्हा सगळ्यांनाच ते पटलं. मला तर नुसतं पटलं नाही, बरं वाटलं. त्या नळ्या, ते जंतू, तो जिना, सगळं जन्माच्या आधीचं होऊन गेलं. जणू घडलंच नव्हतं.

पूजाला मात्र पटलं नाही. ती बाजेवर उठून बसली आणि म्हणाली, लाल गोल केलाय त्यांनी, उगीच करणार नाहीत. तानूबाईनं आवाज चढवला नाही.

"डोळं कुठं पळून जात्यात, बाई? जीव ऱ्हायला तर डोळं ऱ्हातील. वारं सुटलंय भाईर. मी न्हेलतं एकाला."

पूजा आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड केलं. अमित माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, तानूबाई म्हणते तसंच करू.

सव्वीस डिसेंबर गेला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून रेखा सिस्टरचा फोन आला. पूजाचा फोन माझ्याजवळ होता, बाळंतिणीनं फोन बघू नये म्हणून मीच काढून घेतलेला. "कूसिन करकोंड बर्री अम्मा, मरीब्याड्री," ती म्हणाली. बाळाला घेऊन या, विसरू नका. मी कन्नडमध्येच सांगितलं की सव्वा महिना झाला की येतो. कधी होतो, तिनं विचारलं. मी जानेवारीतली तारीख सांगितली. ती म्हणाली, थांबा, डॉक्टरांना देते फोन. मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. चुलीवर दूध होतं. उतू जात नव्हतं.

आठवड्यानं पुन्हा फोन आला, ह्या वेळी अमितला, दुकानात. गिऱ्हाइकं होती. आई बघतेय, असं म्हणून त्यानं ठेवला.

ते चाळीस दिवस आमच्या घरातले सगळ्यात सुखाचे दिवस होते. मुलगी दूध ओढायला लागली. मनगटाला वळी पडली. आमचे हे दुकान बंद करून आले की पडद्याच्या बाहेर उभे राहून विचारायचे, आज किती? तानूबाई तळहातावर तोलून आतून सांगायची, कालच्यापेक्षा एक लिंबू जास्त. चौथ्या दिवसापासून तिनं रोज न्हाऊ घालायला सुरुवात केली. पाटावर पाय लांब करून बसायची, मुलीला नडग्यांवर पालथी घालायची. न्हाऊन झालं की दोन्ही तळव्यांवर धरून न्हाणीच्या झरोक्याखाली न्यायची. सकाळी तिथून उन्हाचा एक पट्टा आत येतो. उजेड तोंडावर पडला की मुलगी नाक-डोळे आवळून तोंड वाकडं करायची, आणि तानूबाई आम्हाला ऐकू जाईल अशी म्हणायची, रागावली गं बाई रागावली, आजीवर गेली. बाकी चोवीस तास ती अंधाऱ्या खोलीत. बाळ बघतं की नाही हे बघायला त्या खोलीत उजेडच नव्हता.

तेवीस जानेवारीला विहिरीची पूजा झाली. विहीर आता कुठली, नळाचीच पूजा. हळदकुंकू, पाच खडे, खणानं ओटी. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा देवाकडे म्हणून मठात जाऊन आलो. तिथेच नाव ठेवायचं ठरलं, रेणुका. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. अमित रिक्षाचे दोन्ही पडदे सोडून बसला होता.

आम्ही गेल्या गेल्या मेधा डॉक्टरांनी तारखा बघितल्या. डोळ्यांत थेंब घातले. तासभर बसलो. मग आत नेलं, पापण्यांना बारीक चिमटा लावला. मुलगी इतकी रडली की पूजा कान झाकून बाहेर गेली. मी आत होते. डॉक्टर कपाळावरच्या दिव्यानं एका डोळ्यात बघत राहिल्या, मग दुसऱ्या, मग परत पहिल्या. चिमटा काढला, मुलीचं तोंड स्वतः पुसलं.

उजव्या डोळ्याचा पडदा पूर्ण सुटलाय, त्या म्हणाल्या. डाव्याचाही बराचसा. लेसरची वेळ निघून गेली. बेंगळूरला ऑपरेशन करतात, डाव्याला थोडी आशा धरता येईल, फार नाही. दहा-बारा दिवस आधी आला असता तरी डावा कदाचित थोडा राखता आला असता.

मी त्यांना सांगितलं की आम्ही पेटीतले दिवस धरले नाहीत. वाटलं होतं, हसतील किंवा रागावतील. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, आजी, आम्हीही तसंच मोजतो. मूल कधी मान धरेल, कधी बसेल, कधी बोलेल, ते सगळं पेटीतले दिवस वजा करूनच सांगतो. पण डोळ्यातल्या शिरांना कुणी थांबा म्हटलेलं नसतं. पेटीत काय, घरात काय, त्या वाढतच असतात.

अमितनं विचारलं की आमचीच का? शेजारच्या पेटीतली अकराशे ग्रॅमची होती, हिच्याहून लहान, तिचे डोळे चांगले आहेत म्हणतात. मेधा डॉक्टर एक-एक बोट मोजत सांगायला लागल्या.

"दिवस कमी, वजन कमी. ऑक्सिजन लागला, तो दिला नसता तर ती आज नसतीच. रक्तात जंतू झाला. दोनदा दुसऱ्याचं रक्त द्यावं लागलं. पहिले दोन आठवडे वजन धरलं नाही. ह्यातली एक-एक गोष्ट धोका वाढवत जाते, आणि हिच्याकडे सगळ्याच होत्या. ह्यातलं काहीच तुमच्या हातात नव्हतं." मग म्हणाल्या, "तारीख तेवढी होती."

"आणि ती दुसरी?" अमितनं विचारलं.

"तिला चार वेळा आणलं त्यांनी. तिसऱ्या वेळी लेसर करावं लागलं."

घरी आलो तेव्हा तानूबाई मागच्या दारात वाट बघत बसली होती. तिला मीच सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, दोन्ही? मग तिनं नळावर जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले, आणि गेली. दुसऱ्या दिवशी वेळेवर आली. पूजानं मुलीला आधीच न्हाऊ घातलं होतं. तानूबाई नळाजवळच्या पायरीवर बसली, तासाभरानं उठून गेली. असं आठ दिवस झालं. पूजा तिला वाईट काही बोलली नाही. बोललीच नाही. नवव्या दिवसापासून ती आली नाही.

बेंगळूरला डाव्या डोळ्याची दोन ऑपरेशनं झाली, एक फेब्रुवारीत, एक मार्चमध्ये. तिथल्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की केलं नाही असं वाटायला नको म्हणून करा. पूजानं तिथे सव्वा महिना काढला. आम्ही फोनवर रोज एकच विचारायचो आणि ती रोज सांगायची, पट्टी आहे. एप्रिलमध्ये मेधा डॉक्टरांनी परत तपासलं. अंधार करून बॅटरी डोळ्यांसमोर आणली, बाजूला नेली, पुन्हा आणली. मुलगी अंगठा चोखत शांत पडून होती. पडदा चुरगळून गोळा झालाय, त्या म्हणाल्या. आता ऑपरेशन नाही. आंधळ्या मुलांना लहानपणापासून शिकवणारी माणसं असतात, त्यांचा नंबर देते. अमितनं तो नंबर खिशात ठेवला. आंधळ्या हा शब्द आमच्या घराविषयी त्या दिवशी पहिल्यांदा कुणी उच्चारला.

इकडे पेठेत तानूबाईला निरोप जायचे थांबले. कुणी तिला टाकून बोललं असं नाही. कुणाच्या घरी मूल झालं की कळायचं, त्यांनी दुसरी बाई लावली. दुकानात बायका अस्तर मापून घेता घेता मला विचारायच्या, तिनंच न्हेऊ नका म्हटलं होतं ना? मी हो म्हणायची. फोन मी घेतला होता, हे त्यांना मी सांगितलं नाही. विचारलंही नाही कुणी.

मे महिन्यात एका दुपारी ती आली. हातात कापडी पिशवी. भाचा गणपत न्यायला आलाय, बसस्टँडवर थांबलाय, गावाला जाते, म्हणाली. मी पाणी दिलं. ती पायरीवर बसली, पाणी प्यायली नाही.

"अक्का, मला कळलं होतं."

काय ते मला कळेना. ती जमिनीकडे बघत सांगत राहिली. मुलगी घरी आल्यापासूनचा अठ्ठाविसावा दिवस होता. न्हाऊन झाल्यावर झरोक्याखाली धरली तर मुलीनं तोंड वाकडं केलं नाही. वाटलं, झोपेत असेल. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पापणी बोटानं वर करून बघितली, तरी नाही. पण बाहेर आम्ही ऐकत असायचो, म्हणून ती रोजच्यासारखंच म्हणत राहिली, रागावली गं बाई रागावली.

"बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"बोलले असते तर तुम्ही न्हेलं असतं."

"नेलंच असतं की."

"व्हय. आणि वाटंत काय झालं असतं तर?" मग म्हणाली, "पुन्हा म्हटलं, सातव्या म्हयन्याचं हाय. आज न्हाई उद्या करंल. समद्यास्नी मीच सांगून बसले होते, न्हेऊ नका म्हणून."

माझ्या मागे पूजा उभी होती. कधी आली ते मला कळलं नाही. रेणुका तिच्या खांद्यावर होती.

"पंधरा दिवस," पूजा म्हणाली. "पंधरा दिवस तुम्ही तिला रोज त्या उजेडाखाली धरत होतात?"

"रोज धरत होते, बाई. बोळातनं येताना रोज देवाचं नाव घेत यायची. आज तरी तोंड वाकडं कर म्हणून."

पूजा मुलीला घेऊन आत गेली. तानूबाई उठली आणि माझ्या पाया पडायला वाकली, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी बाई. मी मागे सरले. तिला धरून उठवायला पाहिजे होतं. उठवलं नाही. ती आपली आपणच भिंतीचा आधार घेत उभी राहिली, पिशवी उचलली आणि बोळातून गेली.

संध्याकाळी मी भाकरी थापत होते. पूजा शेजारी येऊन कांदा चिरायला बसली. मान वर न करता तिनं विचारलं, "आई, सिस्टरचा फोन तुम्हाला आला होता ना?" मी हो म्हटलं. तिनं कांदा चिरून ताटात ठेवला आणि विळी धुवायला घेतली. त्यानंतर हा विषय तिनं आजवर काढलेला नाही.

अळणावरच्या बाजूची एक बाई शनिवारी पेठेत भाजी घेऊन येते. तिच्याकडून कळतं, तानूबाई भाच्याच्या घरी असते, गुरांचं शेण काढते. गावात कुणाला मूल झालं तर त्या घरावरून जात नाही, लांबच्या वाटेनं जाते. एकदा एका घरी बोलवायला आले होते, तर हाताला कंप सुटलाय म्हणून सांगितलं. भाजीवाली म्हणाली, कंपबिंप काही नाही.

मी सांजवेळी देवापुढे दिवा लावते. आधी नाव घेऊन डोळे मागायची. आता मागत नाही. नुसता लावते.

रेणुका अकरा महिन्यांची आहे. पेटीतले दिवस वजा केले तर दहाची. टेकून बसते, पण फार वेळ नाही. समोर काही दिसत नाही म्हणून मान खाली टाकते. आजोबांचं बोलणं ऐकून हसते. आणि गेल्या दोन महिन्यांपासून तिला एक सवय लागली आहे. मूठ करते आणि डोळ्यावर दाबून धरते, जोरानं, कधी एका, कधी दोन्ही. मेधा डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, अशी मुलं करतात. दाबलं की आत काहीतरी चमकल्यासारखं होत असावं. पण दाबू देऊ नका, डोळे खोल जातात, चेहरा बिघडतो. हात बाजूला करत राहा.

मग पूजा दिवसभर तो हात बाजूला करते. हात पुन्हा जातो. ती पुन्हा काढते. दुकानात बसलेली असली तरी मध्येच उठून येते आणि बघून जाते. काल दुपारी मी आत आले तर पूजा चटईवर रेणुकाशेजारी बसली होती. मुलीच्या दोन्ही मुठी डोळ्यांवर घट्ट होत्या आणि ती अगदी शांत होती. मी हात काढायला खाली वाकले.

"राहू द्या, आई," पूजा म्हणाली. "थोडा वेळ बघू दे तिला."